कुत्र्यासाठी भाजी कुठून घ्यावी? माझं उत्तर: मंडई

कुत्र्याच्या ताटात रोज थोडी ताजी भाजी असावी असं ज्यांना वाटतं, त्या पुणेकरांनी ती महात्मा फुले मंडईतून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकिटातली पूड नको आणि प्लास्टिकच्या डब्यात चिरून आलेली भाजीही नको. मंडईत जावं, गाळ्यासमोर उभं राहावं, हातात घेऊन बघावं आणि लागेल तेवढीच घ्यावी. शनिवार पेठेत संध्याकाळी आमच्या चिंगीला फिरवायला निघाले, की कुणी ना कुणी थांबवून विचारतंच, "हिला काय घालता हो? अंगावर किती तकाकी आहे!" प्रत्येकाला रस्त्यात उभं राहून सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे सविस्तर.

चिंगी गावठी आहे, वय अकरा. आता सतरा किलोवर आलीय, पूर्वी वीसच्या वर होती. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, वयही झालंय, त्यामुळे धावपळ कमी आणि भूक मात्र तीच. शिवाय पोट साफ होण्याची तक्रार. आमच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पोळीचे तुकडे बंद करा आणि त्या जागी शिजवलेली भाजी द्या, पण एकदम नको, हळूहळू. मुख्य जेवण तेच ठेवायचं. हे महत्त्वाचं आहे म्हणून आधीच लिहिते: भाजी ही वरची भर आहे. नुसता वरण-भात-भाजी खाऊन कुत्रं नीट राहत नाही. प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम तर फारच कमी पडतं. मुख्य जेवणाव्यतिरिक्त जे काही आपण देतो, खाऊ म्हणून, लाड म्हणून, ते सगळं मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे.

चिंगीच्या बाबतीत हा हिशोब साधारण ८० कॅलरींचा होतो. एक मध्यम पोळी शंभराच्या आसपास जाते, तूप न लावता. म्हणजे लाडाने दिलेली एक पोळी, की दिवसाचा कोटा संपून वर गेला. त्याच ८० कॅलरींत गाजर जवळजवळ २०० ग्रॅम बसतं, लाल भोपळा ३०० ग्रॅम आणि दुधी तर अर्ध्या किलोच्या वर. एवढं घालायचं नाहीच, नाहीतर पोट बिघडेल. पण ताटलीत काहीतरी पडल्याचं समाधान तिला मिळतं आणि वजन वाढत नाही, हे मी घरात पाहिलंय.

आता मंडई. शुक्रवार पेठेतली ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ मध्ये उघडली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. नगरपालिकेचे सभासद असताना ज्या जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, पुढे त्यांचंच नाव तिला मिळालं, हे पुण्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. भाजी घेणाऱ्याच्या दृष्टीने या इमारतीचा मोठा गुण म्हणजे तिचं उंच छप्पर. एप्रिलच्या उन्हात हातगाडीवरचा पालक दहा वाजता मान टाकतो, आतल्या गाळ्यावरचा बराच वेळ तजेलदार राहतो. विक्रेते उंच ओट्यावर बसतात, भाजी त्यांच्याभोवती उतरती रचलेली असते, त्यामुळे माल आपल्या नजरेच्या पातळीवर येतो. वाकून ढिगात हात घालावा लागत नाही. माझ्या गुडघ्यांच्या दृष्टीनेही हे फार सोयीचं आहे.

दुसरा आणि खरा गुण म्हणजे इथे थोडं मागायला संकोच वाटत नाही. एका कुत्र्याला लागतं किती? आठवड्याला दोन-तीन भाज्या, प्रत्येकी पाव किलो. ॲपवर फरसबी अर्ध्या किलोची, भोपळा अख्खा किंवा आधीच साल काढून चौकोनी चिरलेला. चिरलेल्या भाजीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं आणि ती बुळबुळीत होते. मंडईत सांगावं, "मावशी, एवढीच फोड द्या," की तेवढीच मिळते.

लाल भोपळ्यासाठी माझ्या एक मावशी ठरलेल्या आहेत. त्यांच्यापाशी कायम एक मोठा भोपळा कापलेला असतो, आणि तो कापलेला असतो हेच उत्तम, कारण भोपळ्याची परीक्षा बाहेरून होत नाही. आतला गर गडद केशरी हवा, जाड हवा, बिया गच्च भरलेल्या आणि धागे ओलसर पण चिकट नकोत. फिकट पिवळा निघाला तर त्या स्वतःच म्हणतात, "ताई, हा नका घेऊ, पाणचट आहे. उद्या नवा फोडते." मग सुरा सालीवर टेकवून वरून तळहाताने दाबतात, एकच आवाज येतो आणि फोड सुटी होते. बिया त्या बोटांनी ओरबाडून टाकतात, वजन मात्र त्यानंतर करतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण बियांसकट तोलणारेही असतात.

भोपळ्यावर माझा इतका भर का? कुत्र्यांच्या पोटासाठी याच्याइतकी गुणी भाजी मला दुसरी माहीत नाही. त्यातला विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कडक झालेली शी मऊ होते आणि पातळ झालेली थोडी बांधली जाते. दोन्हीकडे उपयोग. साल काढून, बी काढून, कुकरला एक शिट्टी आणि चमच्याने मोडून दोन-तीन मोठे चमचे जेवणात कालवायचे. मीठ नाही, गूळ नाही, मेथीची फोडणी नाही. चिंगीची तक्रार या एका भाजीने जवळजवळ मिटली. भाव वर्षभर फारसा चढत नाही, हाही एक आनंद.

फरसबी ही दुसरी. ही घेताना मी एक शेंग मोडून बघते. कट्कन मोडली तर घ्यायची, वाकली तर पुढच्या गाळ्यावर जायचं. शेंगेत दाण्याचे फुगे आलेली जून फरसबी माणसाच्या भाजीत एखादे वेळी खपते, कुत्र्याला ती चोथ्यासारखी लागते. शिरा काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून वाफवायची. चिंगीला आता हा तिचा खाऊच वाटतो. पूर्वी पोळीच्या डब्याचं झाकण वाजलं की यायची, हल्ली फ्रीजचा खालचा कप्पा उघडला की येते. तुकडा हातावर ठेवला की आधी ओठांच्या टोकाने उचलते, जमिनीवर ठेवते, एकदा हुंगते आणि मग मान तिरकी करून दाढांखाली घेते.

गाजराबद्दल लोकांचा एक समज काढून टाकायला हवा. अख्खं कच्चं गाजर कुत्र्याला चघळायला दिलं, की दुसऱ्या दिवशी केशरी तुकडे जसेच्या तसे बाहेर पडलेले दिसतात. कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, तो दळत नाही, तोडतो आणि गिळतो. लाळेत पिष्ट पचवणारा रसही नसतो. म्हणजे चघळण्याची करमणूक झाली, पोषण फारसं झालं नाही. किसून किंवा वाफवून दिलं तर त्यातलं बीटा कॅरोटिन अंगी लागतं, आणि त्याचं अ जीवनसत्त्व बनवण्याची सोय कुत्र्याच्या शरीरात असते. मांजराच्या शरीरात ती नसते. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. मांजरवाल्यांनी हा लेख वाचून तिच्या बशीत भाज्या ओतू नयेत. चमचाभर भोपळा ठीक, तोही डॉक्टरांना विचारून.

कुत्रं मात्र आपल्याजवळ राहून धान्य-भाजी पचवायला शिकलेलं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या तुकड्यांवर जगली, त्यामागे हेही कारण आहे. आणि भाजीपुरतं बोलायचं, तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा २००५ मधला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. स्कॉटिश टेरियर जातीला मूत्राशयाचा कर्करोग फार होतो. ज्या टेरियरना आठवड्यातून किमान तीनदा भाजी मिळत होती, विशेषतः हिरव्या पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या, त्यांच्यात तो कमी आढळला. त्या घरांत सगळ्यात जास्त दिलं जाणारं होतं गाजर. अभ्यास एका जातीचा आहे, मालकांना विचारून केलेला आहे, त्यावरून चिंगीला कर्करोग होणार नाही असं कुणी म्हणू नये. पण पाव किलो गाजरांची पिशवी उचलताना मला तो आठवतो आणि बरं वाटतं.

दुधी आणि काकडी उन्हाळ्यात. दोन्हींत पाणीच जास्त, त्यामुळे जाड कुत्र्यांना छान. दोन्हींची एक अट आहे: कापल्यावर तुकडा आपण जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा दुधी फेकायचा, शिजवून कडूपणा जातो असं समजू नये. ते द्रव्य माणसालाही घातक आहे. मंडईत कोवळा, लव असलेला, नख सहज रुतेल असा दुधी मिळतो आणि नख लावून बघितलं म्हणून कुणी डोळे वटारत नाही. (एकच नख, एकदाच. सगळे दुधी नखलून ठेवणाऱ्यांनी विक्रेत्याचाही विचार करावा.)

पालेभाज्यांचं मात्र जपून. पालकात ऑक्झलेट असतं, म्हणजे ज्याचे मूतखडे बनू शकतात ते द्रव्य. ज्या कुत्र्याला तसल्या खड्यांचा त्रास झालाय त्याला पालक देऊच नये. आमच्याकडे पालक कधीतरी, उकळत्या पाण्यातून काढून, पाणी टाकून, बारीक चिरून चमचाभर. कोबी-फ्लॉवरने चिंगीला वायू धरतो, म्हणून ते आमच्या यादीत नाहीत. बीट चालतं, पण शी-शूचा रंग लालसर होतो हे आधी माहीत असू द्या, नाहीतर घाबरून दवाखाना गाठाल.

आता त्याच मंडईत, त्याच पिशवीत घरासाठी येणाऱ्या, पण कुत्र्याच्या ताटलीत कधीही जाऊ नयेत अशा गोष्टी. कांदा, लसूण, कांद्याची पात. कच्चं असो, शिजलेलं असो, मसाल्यातली पूड असो, सगळंच वर्ज्य. यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याला बाधतो असं मानतात, मांजराला ५ ग्रॅमही पुरतो; लसूण त्याहून तिखट काम करतो. एकदम पाव किलो कांदा कुणी घालत नाही, पण आपल्याकडे कांदा-लसणाशिवाय रस्सा नाही आणि "रश्शात भाकरी कुस्करून" हा तर घरोघरी कुत्र्याचा नैवेद्य. रोजचं थोडं थोडंही साठत जातं. हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप, तांबूस-तपकिरी लघवी ही लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर आपण काय घातलं हे विसरलेले असतो. म्हणून कुत्र्याची भाजी ही फोडणी पडण्याआधी वेगळी काढलेलीच हवी.

द्राक्षं आणि बेदाणे तसेच. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम आला की मंडईच्या आसपास पाट्याच पाट्या असतात, आणि लहान मुलं कुत्र्याला प्रेमाने एक-एक मणी भरवतात. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात. कुणाला किती बाधेल हे आधी कळत नाही. गेल्या काही वर्षांत विषतज्ज्ञांचा रोख त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा चिंच-गुळाची आमटीही नको, हे मी हल्ली सगळ्यांना आवर्जून सांगते. अळू आणि सुरण, ज्यांनी आपली जीभ खाजते, ते त्यांचीही खाजवतं. हिरवे टोमॅटो, कोंब आलेला किंवा हिरवट बटाटा नको. मक्याचे उकडलेले दाणे चालतील, पण कणसाचा बुरखुंडा आणि आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते.

पाकिटांचंही बघितलं आहे. पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात वाळवलेल्या भाज्यांची पूड मिळाली, दोनशे ग्रॅमला चारशेच्या वर रुपये. उलटी करून घटक वाचले तर शेवटून तिसरा लसूण पूड. मी ती परत ठेवली. वाळवलेली भाजी वाईटच असते असं नाही, प्रवासात उपयोगी पडेल, पण त्या पैशांत मंडईतून महिनाभराचा भोपळा आणि फरसबी येते, आणि त्यात काय आहे ते डोळ्यांना दिसतं. तयार ताजं जेवण डब्यातून घरपोच देणाऱ्या सेवाही आता पुण्यात आहेत. नोकरीवाल्यांची त्याने सोय होते हे खरं. घेणाऱ्यांनी डब्यात मांस किती, कॅल्शियम कशातून, आणि आहार पशुवैद्याने बसवून दिलाय का, एवढं विचारूनच घ्यावं.

घरी आणल्यावर मी भाजी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवते, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुते. गाजर-काकडीची साल काढते. रविवारी एकदाच भोपळा आणि फरसबी शिजवून, गार करून, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. रोज संध्याकाळी दोन वड्या बाहेर काढल्या की काम झालं. नवीन भाजी पहिल्यांदा देताना एकच, चमचाभर, आणि तीन दिवस दुसरी कुठलीही नवी नाही. म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्यांसाठी यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नये.

मंडईचे तोटेही सांगायला हवेत. गाडी लावायला जागा मिळणं कठीण, रविवारी सकाळी आणि सणाच्या आदल्या दिवशी तर विचारूच नका. गणपतीच्या दहा दिवसांत शारदा गणपतीच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा भाजीसाठी तिकडे वळूच नये. लांबून येणाऱ्यांनी सरळ मेट्रोने यावं. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून मंडई हे स्टेशनच आहे, वर आलं की भाजी. दुपारी काही गाळे सुस्तावलेले असतात, संध्याकाळी माल निवडून संपलेला असतो. सकाळी आठ-साडेआठची वेळ सगळ्यात चांगली. कुत्र्याला मात्र बरोबर नेऊ नये. गर्दी, हमालांच्या पाट्या, पायाखालचा ओला पाला, त्यात तो बिचकतो आणि दुसऱ्यांनाही त्रास.

भाव करण्याबद्दल: मी करत नाही. मावशी बिया काढून तोलतात, पाणचट भोपळा विकत नाहीत, आणि चिंगीसाठी म्हटल्यावर मोडकी पण ताजी गाजरं वेगळी काढून ठेवतात. मोडकं गाजर चिंगीला चालतं, आणि किसायचंच तर तुटलेलं काय नि अख्खं काय. तुमच्या ठरलेल्या गाळ्यावरही तसं सांगून ठेवा, निम्म्या भावात मिळतात.

सध्या केशरी गाजरंच येताहेत. लाल, लांब गाजरं थंडी पडली की सुरू होतील. ती जास्त गोड असतात, म्हणून तेव्हा कुत्र्यासाठी थोडी कमी घ्या.